तेलाचा डाग

आमची बालवाडी सकाळी दहाला भरते आणि एकला सुटते. अलिबागच्या या पट्ट्यात त्या तीन तासांत उजेडाला काही तोटा नसतो. पाऊस नुकता सरलेला, आभाळ धुऊन निघालेलं, भात कापणीला आलेलं, आणि आश्विनातलं ऊन कौलांच्या फटींतूनही आत घुसणारं. अशा लख्ख उन्हात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवाळी शिकवायची. म्हणून माझी पहिली तयारी पणत्यांची नसते, अंधाराची असते.

दोन मेजं एकमेकांना जोडायची, वर जाड गोधड्या टाकून त्या चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडायच्या, फटींत चादरी खोचायच्या. हे अंधाराचं घर. एका वेळी तीनच मुलं आत जातात, सोबत मी किंवा मदतनीस मावशी. आत गोष्ट नाही, गाणं नाही, नुसतं बसायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मुलं एकमेकांचे हात घट्ट धरतात. एखादं बाहेर पळतं, त्याला पळू द्यावं. आतली दोघं हसत बाहेर आली की ते आपणहून पुन्हा रांगेत येऊन उभं राहतं. बसून राहिलं की मेजाचा पाय दिसायला लागतो, शेजारणीच्या बांगड्या दिसतात, गोधडीच्या टाक्याटाक्यांतून आलेले उजेडाचे ठिपके दिसतात. डोळ्यांतली बाहुली मोठी होत असते, आतला पडदा अंधाराला सरावत असतो. पुरता सरावायला त्याला वीस-तीस मिनिटं लागतात, पण मुलांना पहिल्या काही मिनिटांतच फरक कळतो. एकदा कोळीवाड्यातली एक मुलगी आतून ओरडली, "ताई, अंधार पातळ झाला!" तेव्हापासून आमच्या वर्गात अंधार जाड असतो किंवा पातळ असतो. काल रात्री आमच्याकडे फार जाड अंधार होता, असं मुलं सकाळी येऊन सांगतात, आणि सांगताना त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा माहिती जास्त असते.

अंधार ज्याच्या ओळखीचा नाही त्याला दिव्याचं काय कौतुक वाटणार? आजच्या मुलांना अंधार भेटतच नाही. रस्त्यावर दिवे, अंगणात दिवा, वीज गेली तर कुणाच्या तरी हातात मोबाइलची बॅटरी. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्यावरून गेलं, तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. माळ्यावरच्या चिमण्या खाली आल्या, रॉकेलची शोधाशोध झाली. आज माझ्यासमोर बसणारी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांच्या लेखी अंधार म्हणजे कार्टूनमधलं भूत जिथून येतं ती जागा. त्या जागेत आपण स्वतः बसून आलो, हे त्यांच्या गाठीला असावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या पूर्वजांनी दिव्यांचा सण अमावास्येला ठेवला, वर्षातल्या एखाद्या सोयीस्कर चांदण्या रात्री ठेवला नाही. त्याचा अर्थ पुस्तकातून समजावण्याचं हे वय नव्हे; गोधडीखाली बसण्याचं मात्र आहे.

अमावास्या दाखवायची तर आधी चंद्र दाखवावा लागतो. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी मावशी तांदळाची एक भाकरी करून आणतात, पांढरीशुभ्र, अख्खी गोल. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी नवी भाकरी येते, आणि चंद्र जेवढा उरला असेल तेवढीच ताटात ठेवून बाकीची मुलं खातात. कृष्णपक्षातला चंद्र उगवतो उशिरा, तेव्हा ही मंडळी झोपलेली असतात. पण तोच चंद्र सकाळी शाळेत येताना समुद्राच्या अंगाला फिकट दिसतो, आणि हे अनेक आईवडिलांनासुद्धा ठाऊक नसतं. दिवसाढवळ्या चंद्र दिसतो म्हणून मुलं त्यांना हात धरून थांबवतात, स्कूटर थांबवायला लावतात. अष्टमी उलटली की तो बारीक होत होत सूर्याकडे सरकतो आणि मुलांच्या नजरेतून निसटतो. सुट्टी लागायच्या दिवशी ताटात बोटभर कोर उरलेली असते. ती कुणी खायची यावर भांडण होतं. ते मी होऊ देते, कारण त्या भांडणात एकजण तरी म्हणतोच की खाऊन टाका, मग चंद्र संपेल आणि दिवाळी येईल.

आता पणती. कुंभारवाड्यातून मळलेली माती येते, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. प्रत्येकाला लाडवाएवढा गोळा. गोळ्यात अंगठा रुतवायचा, फिरवायचा, कडेला एके ठिकाणी चिमटा काढून वातीला चोच करायची. एवढंच. पण एवढ्याला अर्धी सकाळ लागते. कुणाचा अंगठा आरपार जातो, कुणाची चोच गळून पडते, कुणी पणती सोडून साप करत बसतो. या वेळी मोठ्या माणसाच्या हाताला फार मोह होतो. जरासं नीट करून देऊ, कड सारखी करू. तो मोह आवरणं हीच बालवाडीच्या ताईची खरी परीक्षा आहे असं माझं मत आहे. पालकांना दाखवायला म्हणून ताईंनीच रात्री बसून केलेल्या, एकसारख्या, सोनेरी रंग मारलेल्या पणत्या मी पुष्कळ ठिकाणी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी असते आणि मुलाचा अंगठा कुठेच नसतो. त्याहून मला त्रास होतो छापील पणतीच्या चित्राचा. कागदावर काळ्या रेघेत पणती छापलेली, तिच्या ज्योतीत पिवळा खडू भरायचा आणि रेघेबाहेर जायचं नाही. यात मुलाला दिवाळीतलं काय मिळतं? तेल नाही, ऊब नाही, वास नाही, आणि चुकून काही वेगळं घडण्याची जागाही नाही.

पणत्या सावलीत वाळवायच्या. उन्हात ठेवल्या तर वरचं अंग आधी आखडतं आणि तडा जातो. वाळल्या की कुंभारदादा त्या आपल्या भट्टीत भाजून देतात. काही भट्टीतच फुटतात. फुटल्याचे तुकडेही परत आणायचे, कारण तो तुकडा कुणाचा ते मुलांना अचूक ओळखता येतं. पण सगळ्याच पणत्या भाजायच्या नाहीत. एखाद-दुसरी कच्ची मागे ठेवायची. मग दोन भांड्यांत पाणी घेऊन एका भांड्यात कच्ची पणती सोडायची, दुसऱ्यात भाजलेली. कच्ची बघता बघता विरघळते, कडा ढासळतात, पाणी गढूळ होतं, आणि तळाशी पुन्हा माती. भाजलेली बुडते आणि तिच्या अंगातून बारीक बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटतात. कान भांड्याजवळ नेला तर चुर्रर्र असा हलका आवाजही येतो. मुलं गुडघे टेकून, श्वास रोखून तो आवाज ऐकतात. "हिला तहान लागली होती," असं कुणीतरी म्हणतं. आपल्या आज्या नव्या पणत्या आदल्या रात्री पाण्यात घालून ठेवायच्या, त्याचं कारण हेच. पणती आधी पोटभर पाणी प्यायली की मग ती तेल पीत नाही, तेल वातीला राहतं. हे आजीचं शहाणपण चार वर्षांच्या मुलाला कानानं कळतं.

कापसाची बोंडं यवतमाळहून येतात, माझी भाची पाठवते. कोकणातल्या मुलांनी कापूस पाहिलेला असतो तो औषधाच्या दुकानातल्या निळ्या कागदातला. बोंडातून सरकी ओढून काढणं हे काम छोट्या बोटांना जड जातं. सरकी तंतू सोडायला तयार नसते. मुलं जीभ बाहेर काढून, कपाळाला आठ्या घालून झटतात. मग आज्या येतात. दर वर्षी कुणाची ना कुणाची आजी येते आणि राखेचं बोट लावून वात वळून दाखवते. मुलांच्या वाती जाड होतात, गाठाळ होतात, काही मधेच सुटतात. आजी त्यांना काही बोलत नाही, फक्त आपली वात शेजारी ठेवते. एका आजीचे हात सांधेदुखीनं वाकडे झाले होते, भाकरी थापणं त्यांनी सोडून दिलं होतं. पण वात वळताना ते हात इतके सरळ चालले की त्यांची सून दारात उभी राहून बघत राहिली.

वर्गात खरी ज्योत पेटवावी की नाही, यावर पालकांशी माझं दर वर्षी बोलणं होतं. मी पेटवते. मोठ्या परातीत वाळू पसरायची, पणती तिच्या मधोमध, शेजारी पाण्याची बादली आणि ओलं फडकं. मुलींचे केस बांधलेले, झुळझुळीत ओढण्या-बिढण्या काढून ठेवलेल्या, मुलं खडूच्या रेघेपलीकडे बसलेली. काडी मी ओढते. आधी कोरडी वात पेटवून दाखवते: भर्रकन जळते आणि राख होते. मग तेलात भिजलेली: ती जळतच राहते आणि वात मात्र तशीच्या तशी. हे कोडं मुलं फार गंभीरपणे घेतात. कापूस का संपत नाही? तेल कापसाच्या तंतूंमधल्या अरुंद वाटांनी आपोआप वर चढतं, टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. तेल पोचत आहे तोवर वातीला धक्का लागत नाही. हे मी मुलांना सांगत नाही. त्यांचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, "आधी तेल जेवतं ते, मग वात," आणि ते माझ्या उत्तरापेक्षा फार लांब नाही. त्यानंतर एकेकानं माझा हात धरून पुढे यायचं आणि ज्योतीच्या बाजूला, वीतभर लांब, तळहात धरायचा. ऊब लागते. मग तोच तळहात ज्योतीच्या वर, चांगला हातभर उंच. तिथे जास्त लागते. गरम हवा वर जाते, एवढं विज्ञान त्या तळहातात कायमचं जाऊन बसतं. दिव्याला घाबरू नये पण त्याच्याशी खेळूही नये, ही समजही तिथेच बसते.

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता दिवस तेलाचा.

समुद्रावरून आणलेले गुळगुळीत दगड धुऊन ठेवायचे. पांढऱ्या कागदाचे चौकोनी तुकडे. एकात सुक्या खोबऱ्याचा तुकडा, एकात शेंगदाणा, एकात तीळ, एकात तांदूळ. कागदाची घडी घालून वरून दगडानं ठेचायचं. वर्गात असा काही दणदणाट होतो की शेजारचे दुकानदार बघायला येतात. ठेचून झालं की कण झटकायचे आणि कागद खिडकीशी धरायचा. तांदळाचा कागद तसाच असतो, चुरगळलेला. खोबऱ्याच्या कागदावर डाग असतो, आणि त्या डागातून उजेड आत येतो. बाकीचा कागद उजेड अडवून धरतो, डाग तेवढा सोडून देतो. कागदाच्या तंतूंत हवा अडकलेली असते आणि तिच्यामुळे उजेड विखुरतो. तेल त्या पोकळ्या भरून टाकतं, म्हणून उजेडाला वाट मिळते. एका मुलानं तो कागद डोळ्याला लावला, फिरवला, पुन्हा लावला, आणि घरी न्यायचा म्हणून सदऱ्याच्या खिशात घातला. खिशालाही डाग पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं खिसाच उन्हात धरून दाखवला: "ताई, सदऱ्याला खिडकी पडली."

तेलाच्या दिवशी मला आमच्या तालुक्यातल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची आठवण येते. अलिबागमध्ये इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे, आणि जवळच्या नवगावला त्यांचं स्मारक आहे. गलबत फुटून त्यांचे पूर्वज तिथे किनाऱ्याला लागले असं ते सांगत आले. शतकानुशतकं या लोकांनी इथे घाणे चालवले, खोबऱ्या-तिळाचं तेल काढलं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनिवार तेली. म्हणजे या किनाऱ्यावरच्या कित्येक देव्हाऱ्यांत, तुळशीपुढे, दर्ग्यात आणि दिवाळीच्या पणत्यांत जे तेल जळलं त्यातलं पुष्कळ त्यांच्या घाण्यातून आलेलं. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी मराठी सांभाळली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आमच्याकडे आता त्यांची मोजकीच घरं आहेत.

ज्यू लोकांचा दिव्यांचा सण हनुका, तो डिसेंबरच्या आसपास येतो. आणि मन हलवणारी गोष्ट अशी की बेने इस्रायलांना तो मुळात माहीत नव्हता. हनुका ज्या घटनेची आठवण आहे ती जेरुसलेममध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात घडली, आणि त्यांच्यात सांगतात की आपले पूर्वज त्याआधीच निघालेले होते. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, त्यांनी जपला, खाण्यापिण्याचे नियम जपले. दिव्यांचा सण त्यांना फार पुढे बाहेरून आलेल्या ज्यूंकडून कळला. साऱ्या किनाऱ्याच्या दिव्यांना तेल देणाऱ्या माणसांना आपले दिवे इतक्या उशिरा मिळाले. हे मुलांना सांगण्यासारखं नाही, त्यांना ते कळणारही नाही. पण खोबरं ठेचणाऱ्या त्या हातांकडे बघताना मला ते विसरता येत नाही.

मुलांना मी हनुकाची गोष्ट सांगते ती मात्र अगदी लहान. देवळातला दिवा लावायला एकाच दिवसाचं तेल होतं आणि ते आठ दिवस पुरलं. पूर्वी मी ही गोष्ट तशीच सांगायचे, मुलं ऐकायची आणि विसरायची. आता गोष्टीआधी आम्ही तेल मोजतो. एक छोटा चमचा तेल पणतीत घालून सकाळी दिवा लावायचा आणि आपापली कामं करत राहायचं. डबा खाऊन होतो, हात धुऊन होतात, मातीकाम होतं, आणि मधेच कुणीतरी ओरडतं की विझला. एक चमचा तेल इतकंच जगतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला आठ दिवस म्हणजे काय ते कळतं. गोष्ट ऐकताना त्यांचे डोळे मोठे होतात, ते माझ्या सांगण्यामुळे नाही. एकानं विचारलं, "मग त्यांनी तेल कुणाकडून उसनं आणलं?" मी म्हटलं, कुणाकडून नाही, म्हणून तर लोक अजून ती आठवण ठेवतात. त्याला ते पटलं नाही. पटायला हवंच असं नाही.

माझ्या आईच्या ओळखीच्या एक बेने इस्रायल बाई एका डिसेंबरात वर्गात आल्या होत्या, नऊ दिव्यांचं पितळी दीपपात्र घेऊन. आठ दिवे आठ रात्रींचे आणि नववा बाकीच्यांना पेटवणारा. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं वाढत जायचं. त्या मुलांशी आमच्यासारख्याच मराठीत बोलल्या, मुलांनी त्यांना आजी म्हटलं. त्या गेल्यावर मुलांनी मातीचे आठ छोटे दिवे केले आणि एक उंच. मग रोज सकाळी एक दिवा वाढवायचा. खरी ज्योत नाही, वातीच्या जागी झेंडूची पाकळी. ज्या मुलाला पाचपुढे मोजता येत नव्हतं त्याला त्या आठवड्यात आठपर्यंत आलं, कारण उद्याचा दिवा कुणाचा हे त्याला ठरवायचं होतं. २०२४ मध्ये हनुकाची पहिली संध्याकाळ आणि नाताळ एकाच दिवशी, २५ डिसेंबरला आले. चंद्राच्या हिशेबानं चालणारे सण असे सरकतात. शब-ए-बरात तर ऋतूंतूनही फिरते, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. त्या रात्री आमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरची माणसं कबरस्तानात दिवे लावायला जातात, आणि त्या वर्षी ती कोणत्या महिन्यात आली त्याप्रमाणे मुलं स्वेटर घालून तरी त्याबद्दल सांगतात नाही तर घामाघूम होऊन.

नाताळचा तारा आणि दिवाळीचा आकाशकंदील यांचं वर्गातलं सामान एकच: बांबूच्या कामट्या, सुतळी, खळ, कागद. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीज चौलहून गेले १७४० मध्ये, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वाड्यात पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही घरात बोलतात. नाताळला तिथे ताऱ्याचे कंदील लागतात. सांगाडा मी बांधते. कामटी फाटली की तिची कड सुरीसारखी लागते, ते मुलांचं काम नव्हे. कागद मात्र मुलांचा. कात्री नाही, हातानं फाडायचा, मैद्याच्या खळीत बोटं बुडवून चिकटवायचा. पतंगाचे रंगीत तुकडे, आणि त्यांच्या मधे मधे तेल चोळलेला पांढरा कागद. ही कल्पना मुलांची होती, खोबऱ्याच्या डागाला आठवडा झाला होता तेव्हाची. आत दिवा विजेचाच लावायचा, तेलकट कागदाजवळ ज्योत न्यायची नाही. अंधाराच्या घरात तो कंदील नेऊन बटण दाबलं की जिथे पिवळ्यावर निळा तुकडा चढला आहे तिथे हिरवा दिसतो. दिवसा उजेडात तो कुणाला दिसलेला नसतो. तो हिरवा कुणी चिकटवला यावरून पुष्कळ शोध चालतो, कारण हिरवा कागद वर्गात नव्हताच.

या पद्धतीत माझं असं काही नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये सुरू झालं. माँटेसरीची साधनं महाग. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या घेतल्या. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. प्रशिक्षणात असताना मी हे वाचलं तेव्हा मला त्यातली काटकसर दिसली होती. आता दिसतो तो त्या वस्तूंवरचा विश्वास. खड्याला वजन असतं, शिंपल्याला आतली-बाहेरची बाजू असते, बी पेरली तर उगवते. पणतीचंही तेच आहे. माती, पाणी, कापूस, तेल, आग, सगळं तिच्यात खरं आहे आणि प्रत्येकाचा स्वतःचा स्वभाव आहे. मुलाला त्या स्वभावांशी जमवून घ्यावं लागतं. प्लॅस्टिकच्या पणतीत बटण असतं. ते चार वर्षांच्या मुलाला एका क्षणात जमतं, आणि जमल्यावर तिथे करण्यासारखं काहीच उरत नाही.

म्हणून नरकासुराची, लक्ष्मीची, येशूच्या जन्माची गोष्ट मी सांगते, पण थोडक्यात सांगते. गोष्टी त्यांना घरी मिळतील, मोठेपणी नीट मिळतील, वाद घालायलाही मिळतील. दिवाळीच्या पहाटे आमच्या कोकणात पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात. ते कडू फळ मुलं रानातून गोळा करून आणतात, फोडतात, आणि अंगठा चाटून थू थू करतात. नरकासुर कोण होता हे त्यांना तेव्हा कळलं नाही तरी चालेल. कडू कळलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मूल आपली पणती घरी नेतं. गेल्या वर्षी एका मुलीची पणती इतकी कललेली होती की तेल घातलं की चोचीतून ओघळायचं. तिचे वडील रिक्षा चालवतात. जानेवारीत ते तिला सोडायला आले आणि दारात थांबले. म्हणाले, "ताई, त्या पणतीनं आमचा उंबरठा तेलकट करून ठेवला. बायको म्हणाली, बाजारातली चांगली लावू, ही कपाटात ठेव शोभेला. तर ही ऐकेना. कुठून तरी खडा शोधून आणला, पणतीच्या खाली एका बाजूनं लावला, सरळ केली. खाली ताटली ठेवली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी रोज संध्याकाळी लावायची म्हणून हट्ट. आईनं काडी ओढायची, हिनं तेल घालायचं."

"मग आता?"

"काल धाकट्यानं पाडली. दोन तुकडे." त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती चपला काढून केव्हाच आत गेली होती. "ती काही रडली नाही. म्हणाली, परत करू. आणि धाकटा म्हणतोय मला पण करायची. तुमच्याकडे थोडी माती उरली आहे का?"

उरली होती. दोन गोळे ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांना दिले, आणि सांगितलं की दुपारच्या उन्हात ठेवू नका, फडकं वाळलं की पुन्हा भिजवा, आणि करताना त्यांच्या हातातून घेऊ नका. त्यांनी ती पुरचुंडी रिक्षात पुढे, हँडलजवळ ठेवली आणि स्टँडकडे गेले.